अ‍ॅल्युमिनियमवर उगवणारं कवच

वाशी-ऐरोलीकडे घर घेतलं की स्लायडिंग खिडक्यांचा रंग निवडण्यात घरच्यांचा बराच वेळ जातो. पण खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत ती चौकट किती वर्षं टिकणार, ते ठरतं रंग ज्यात मुरलेला असतो त्या थरावर. त्याची चौकशी क्वचितच होते.

हवा लागली की अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप धरतो, पण तो जेमतेम दोन-चार नॅनोमीटर जाडीचा. तोच कृत्रिमरीत्या जाड करण्याची प्रक्रिया म्हणजे अ‍ॅनोडायझिंग. त्यात सेक्शन, म्हणजे चौकटीची पट्टी, साधारण १५ टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत सोडून विजेच्या धन टोकाला जोडतात. १५-२० व्होल्ट दिले की धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइड होत जातो. थर वरून फासलेला नाही, धातूतूनच उगवलेला आहे. म्हणून ऑइलपेंटसारखे त्याचे पोपडे निघत नाहीत.

त्याची रचना तर फारच देखणी. अल्कोआ कंपनीच्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने ती मांडली: मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध एक उभं छिद्र. एका चौरस सेंटिमीटरवर अशी अब्जावधी छिद्रं. ती धातूपर्यंत पोचत नाहीत. तळाशी एक पातळ, सलग पडदा उरतो. दर व्होल्टमागे साधारण एक नॅनोमीटर जाड. व्होल्ट वाढवले की पडदा जाड होतो, पेशीही रुंदावतात.

हे ऑक्साइड शुद्धही नसतं आणि स्फटिकरूपही नसतं. टाकीतलं सल्फेट त्यात अडकतं, थराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त! त्याचा साठा छिद्रांलगतच्या भिंतीत. पेशींच्या सीमेजवळ ऑक्साइड बरंच शुद्ध.

रंग याच छिद्रांत मुरतो. पण छिद्रं उघडी राहिली तर खारं पाणीही तिथेच शिरतं. म्हणून शेवटी जवळजवळ उकळत्या पाण्यात सीलिंग करतात. ऑक्साइड पाणी धरून फुगतं, बोहमाइट बनतं आणि छिद्रांची तोंडं बुजतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. तिथे घाई केली तर वरचा २० मायक्रॉनचा थरही कामाचा नाही.

सीलिंग चोख असलं तरी ओलं सिमेंट या थराला सोसत नाही, कारण अल्कलीत ऑक्साइड विरघळतं. गिलाव्याचे शिंतोडे वाळून पडलेला पांढरट डाग घासून जात नाही. तिथला थरच खाल्लेला असतो. गवंडीकाम सुरू होण्याआधी चौकटीला टेप लावून घ्या.