मुलांच्या जुन्या टीव्ही मालिकांची घसरण : थॉमस अँड फ्रेंड्स

वर्षानुवर्षं चाललेली मुलांची मालिका एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जाते, आणि नवा मालक खरेदीत घातलेले पैसे निर्मितीच्या खर्चात काटछाट करून वसूल करायला बघतो, त्यातून मालिकेची जी हळूहळू पडझड होते तिच्याबद्दल ही नोंद आहे. गंमत म्हणजे मालिका बंद पडत नाही, उलट एपिसोड वाढतात, खेळणी वाढतात, फक्त बघण्यासारखं जे होतं ते आटत जातं. थॉमस नावाचं बोलणारं रेल्वे इंजिन आणि त्याचे इंजिन मित्र यांची ब्रिटनची मालिका थॉमस अँड फ्रेंड्स हे याचं अगदी ठळक उदाहरण.

मूळ पुस्तकं रेव्हरंड ऑड्री यांची, पहिलं 1945 सालचं. ऑड्री रेल्वेचे पक्के वेडे होते आणि गोष्टीतले बरेचसे अपघात खऱ्या रेल्वेत कुठेतरी घडलेले असायचे. ब्रिट ऑलक्रॉफ्ट या निर्मातीने हक्क घेतले आणि 1984 मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही या चॅनलवर मालिका सुरू झाली. दिग्दर्शक डेव्हिड मिटन. इंजिनं म्हणजे खरी चालणारी मॉडेल, डोळे रिमोटने फिरायचे, हावभाव बदलायचा तर आख्खा चेहरा काढून दुसरा बसवायचा, आणि सगळ्यांचे आवाज एकटा निवेदक काढणार, सुरुवातीला तो बीटल्समधला रिंगो स्टार होता. म्हणजे ही काही पैशांचा पाऊस पाडून केलेली मालिका नव्हती. पैसा सेटवर आणि मॉडेलवर जायचा, बाकी ठिकाणी हात आखडताच होता.

सगळा दोष नंतरच्या कंपन्यांच्या माथी मारला जातो ते तितकंसं खरं नाही. तिसऱ्या सीझनपासूनच ऑलक्रॉफ्टच्या टीमने स्वतःच्या गोष्टी लिहायला घेतल्या, कारण उरलेल्या पुस्तकांत नवीन इंजिनं फार होती आणि प्रत्येकाचं मॉडेल बनवणं महाग पडत होतं, शिवाय खेळण्यांसाठी थॉमस जास्त वेळ दिसायला हवा होता. ऑड्रींना ते आवडलं नव्हतं. पण निदान जो माणूस खर्च कमी करत होता तोच सेटवर उभा होता, नंतर तेही राहिलं नाही.

थॉमसचा 2000 चा सिनेमा आपटला, ऑलक्रॉफ्ट बाहेर पडल्या, 2002 मध्ये मुलांच्या मालिका करणाऱ्या हिट एंटरटेनमेंटने मालिकेची मालक कंपनी घेतली, 2005 मध्ये हिटलाच अपॅक्स या गुंतवणूक फर्मने घेतलं. अशा फर्मना मालिका घेऊन फायद्यात पुढे विकायची असते, दहा वर्षांनी मूल ती बघेल की नाही याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. 2008 मध्ये मॉडेलवर कॉम्प्युटरचे चेहरे चिकटवले (हे दिसायला जरा भयानकच होतं), आणि 2009 पासून मॉडेल पूर्ण बंद, सगळं कॅनडातल्या नायट्रोजन स्टुडिओत. काम स्वस्त पडायला लागलं आणि इंजिनाचं वजन गेलं, लोखंडाचा धूड डब्याला धडकतोय असं आता वाटत नव्हतं. गोष्टीही साच्यातल्या, थॉमस तीच चूक तीनदा करणार आणि मग सॉरी म्हणणार.

2011 मध्ये मॅटेलने सुमारे 68 कोटी डॉलरला हिट घ्यायचं ठरवलं. आता मालिका खेळण्याच्या कंपनीच्याच घरात. मधे लेखन बरंच सुधारलं होतं, अँड्र्यू ब्रेनर मुख्य लेखक असतानाचे सीझन आजही चाहते चांगले मानतात, त्यामुळे मॅटेल आली आणि सगळं बिघडलं असा सरळ हिशोब लागत नाही. पण 2016 मध्ये ॲनिमेशन करणारी आर्क प्रॉडक्शन्स दिवाळखोरीत गेली, काम जॅम फिल्ड या दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं, आणि 2017 मध्ये टॉईज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची मोठी अमेरिकन साखळी बुडायला लागली तेव्हा मॅटेललाही शंभर कोटी डॉलरच्या वर तोटा झाला आणि कपातीचा मोठा कार्यक्रम आला. त्याच काळात लाकडी थॉमसवरचा रंग कमी करून कोरं लाकूड दिसेल अशी खेळणी आणली, ग्राहक नाराज झाले, काही काळाने रंग परत आला. मालिकेत 2018 मध्ये हेन्री आणि एडवर्ड या जुन्या इंजिनांना शेडमधून हलवून निया आणि रिबेका ही नवी इंजिनं आली, थॉमस देशोदेशी फिरायला लागला. भारतातही आला. त्याआधीच 2016 च्या सिनेमात निलगिरी रेल्वेच्या इंजिनावरून बेतलेली अशिमा आली होती, आणि ते पात्र खरंच छान जमलं होतं.

2021 मध्ये मालिकेचा नवा अवतार आला, ऑल इंजिन्स गो. सपाट टू-डी ॲनिमेशन, लहान मुलासारखा थॉमस, रुळावरून चक्क उड्या मारणारी इंजिनं. लहान मुलांना हे आवडत नाही असं म्हणता येणार नाही, तीन वर्षांच्या पोराला रंग आणि गाणं पुरतं. पण ऑड्रींची इंजिनं रेल्वेच्या नियमांना बांधलेली होती आणि नियम मोडला की गाडी घसरायची, गोष्ट तिथूनच निघायची, आता उडीच मारता येते म्हटल्यावर घसरणार काय.

हिटच्याच बॉब द बिल्डर या दुसऱ्या मुलांच्या मालिकेचंही असंच झालं, 1999 ची स्टॉप-मोशन (थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम टिपलेली) बाहुली जाऊन कॉम्प्युटरवरचा बॉब आला आणि 2015 मध्ये मॅटेलने त्याचा चेहराच बदलला. थॉमसचे जुने मॉडेलवाले एपिसोड मात्र कंपनी स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकते, ते बनवायला आता एक पैसाही लागत नाही.