सरासरीच्या आड लपलेला पोलिओ

साथीच्या गणिताचा इतिहास काढला की मुंबई लागतेच. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये साथ कशी चढते-ओसरते याची समीकरणं मांडली, तेव्हा ताळा पाहायला त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमधले साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले. त्या मांडणीत एक सोय करून घेतली होती: गावातला कुणीही कुणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो, असं धरायचं.

पोलिओपुढे ही सोय टिकली नाही. एका बाधितापासून सरासरी सहा जणांना लागण होते असं धरलं, तर सहातले पाच सुरक्षित झाले की साखळी तुटायला हवी. म्हणजे साधारण ८३ टक्के. नेदरलँड्समधलं लसीकरण याच्या बरंच वर होतं, तरी १९७८ मध्ये तिथे ११० रुग्ण निघाले. जवळजवळ सगळे धर्मश्रद्धेपोटी लस नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट पंथांतले. तोच विषाणू कॅनडातल्या त्यांच्या पंथबंधूंकडे गेला आणि १९७९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या आमिश या पारंपरिक ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांत पोहोचला. थोडक्यात, त्याने अंतर पाहिलं नाही, नाती पाहिली. पुढे १९९२-९३ मध्ये नेदरलँड्समध्ये याच समाजात पुन्हा ७१ रुग्ण झाले.

त्यामुळे साथीचं गणिती मॉडेल करणाऱ्यांना लोकसंख्येचे तुकडे पाडावे लागले. कोण कुणात किती मिसळतं, हे वेगळं मांडणं आलं. संशोधक किंबर्ली थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अशा एकमेकांशी जोडलेल्या धार्मिक समाजांचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात सरसकट टक्केवारीऐवजी एकेक व्यक्ती धरली होती.

संरक्षण नसणं म्हणजे लस नाकारलेलीच असं मात्र नाही. उत्तर प्रदेशात पोरांना डोसामागून डोस पाजले जात होते, पण तिथे त्रिगुणी (पोलिओ विषाणूच्या तिन्ही प्रकारांवरच्या) लसीच्या एका डोसाने टाइप १ या प्रकारापासून जेमतेम ९ टक्के संरक्षण मिळतं, असा अंदाज २००६ मध्ये आला. डोस मोजले म्हणजे सुरक्षित मुलं मोजली, हा हिशेब तिथे चुकत होता.

खरी पंचाईत वेगळीच आहे. साधारण दोनशे बाधितांत एखाद्यालाच लुळेपणा येतो, बाकीचे हिंडते-फिरते राहून विषाणू पसरवतात. २०१३ मध्ये इस्रायलच्या नेगेव भागात सांडपाण्यात जंगली, म्हणजे लसीतून न आलेला मूळ विषाणू सापडत राहिला, लुळं मात्र कुणीच पडलं नाही. इंजेक्शनची लस लुळेपणा टाळते, पण आतड्यातली लागण ती फारशी रोखत नाही. म्हणून गटाराचे नमुने लागतात. मुंबईत ते २००१ पासून घेतले जाऊ लागले.

२०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड काउंटीत लस न घेतलेला एक तरुण लुळा पडला. दोन वर्षांच्या मुलांचं तिथलं लसीकरण ६० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि एका पिनकोडमध्ये ३७. हा दुसरा आकडा हाताशी होता म्हणून धोका नेमका कुठे आहे ते दाखवता आलं. जिथे नोंदी फक्त जिल्ह्यापुरत्या ठेवतात, तिथे असे कप्पे मॉडेलमध्ये अंदाजानेच घालावे लागतात.