माशांचा हिशेब घरट्यात

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात मिळणारा बांगडा आणि तारली गोवा, कारवार किंवा वेंगुर्ल्याहून घाट चढून येतात. समुद्रात मासळी घटली हे आपल्याला कळतं ते भावावरून, म्हणजे सगळ्यात शेवटी. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. बंदरावरच्या आवकेवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. बोटी किती सुटल्या, डिझेल केवढ्याला पडलं, यावरही ती ठरते. समुद्रपक्ष्याला डिझेल लागत नाही.

मग पक्षी मोजले की मासे कळतील, असं वाटेल. घोटाळा होतो तो इथेच. कारवारला हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे दिसतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव घरटी करतो तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी. तो कमी दिसला तर दोष अरबी समुद्राचा की तिथल्या तळ्यांचा? शिवाय ट्रॉलरवरून फेकलेल्या मासळीवर झुंबड करणारे पक्षी बोटी कुठे आहेत एवढंच सांगतात.

खरी माहिती घरट्यात असते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर आर्क्टिक सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी वीण करतात. १९८४ पासून काही वर्षं तिथे सुरय येत होते, अंडी घालत होते, पण उडण्याइतकं मोठं होणारं पिल्लू जवळजवळ नव्हतंच. सँडइल नावाचा बारीक मासा आटला होता. सुरय वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो. वाईट साल आलं की तो पिल्लं सोडतो, स्वतःचा जीव सोडत नाही. म्हणून मोठ्या पक्ष्यांची संख्या घटेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. पिल्लाला दिवसातून किती वेळा घास मिळाला, आई-बाप किती लांब गेले, हे आधी बिघडतं. समुद्रपक्ष्यांचे अभ्यासक डेव्हिड केर्न्स यांनी १९८७ मध्ये हीच मांडणी केली होती. टंचाईच्या त्या वर्षांत शेटलंडला खोल बुडी मारणारे गिलिमॉट पक्षी बरेच तगले. सुरयाची झेप पाण्याच्या वरच्या अर्ध्या मीटरपलीकडे फारशी जात नाही, त्यामुळे वरच्या थरातली टंचाई आधी त्याला बसते. मासे नेले कोणी, मच्छीमारांनी की बदललेल्या प्रवाहांनी, हे मात्र पक्षी सांगत नाही, आणि त्यावर तिथे भरपूर वाद झाले.

किती मासे उरले म्हणजे पक्ष्यांचं भागतं? २०११ मध्ये सात सागरी परिसंस्था आणि समुद्रपक्ष्यांच्या चौदा जातींची आकडेवारी एकत्र पाहिली गेली. माशांचा साठा कमाल प्रमाणाच्या साधारण एक तृतीयांशाखाली गेला की पिल्लं वाढण्याचं प्रमाण घसरतं, असं त्यातून निघालं.

प्लास्टिकचा हिशेबही असाच. उत्तर समुद्रात मेलेल्या फुलमार या समुद्रपक्ष्यांची पोटं तपासतात, ०.१ ग्रॅमहून जास्त प्लास्टिक असलेले पक्षी दहा टक्क्यांच्या आत असावेत, हे तिथलं अधिकृत उद्दिष्ट आहे.

आपल्याला जवळची जागा म्हणजे वेंगुर्ल्यासमोरची खडकाळ बेटं. तिथे सुरय घरटी करतात. पिल्लासाठी आणलेला मासा सुरय चोचीत आडवा धरतो, त्यामुळे लांब लेन्सच्या फोटोवरून माशाची जात आणि लांबी ताडता येते. कॅमेरे घेऊन घाट उतरणाऱ्या आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांनी पंखांबरोबर चोचीचाही फोटो घ्यावा. तोही होडीतूनच. बेटावर पाऊल टाकलं की पक्षी उठतात आणि उघड्या खडकावरची अंडी उन्हात भाजून निघतात.