बिअरच्या पिंपाला ओला सदरा

ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी बनवण्यासाठी परवाना लागत नाही (महाराष्ट्रात मात्र विनापरवाना ती बनवणे हा गुन्हा आहे), त्यामुळे तेथे हा छंद चांगलाच रुजलेला आहे. अडचण येते ती डिसेंबर ते फेब्रुवारी या तेथील उन्हाळ्यात. ‘एल’ प्रकारच्या बिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक यीस्टना (साखर आंबवून अल्कोहोल बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना) १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि ॲडलेडमध्ये त्या दिवसांत पारा अनेकदा ३५ अंशांच्या वर जातो.

त्यात यीस्ट स्वतःही उष्णता निर्माण करते. २० लिटर बिअरमध्ये साधारण दीड किलो साखर आंबते. त्यातून सुटणारी सगळी उष्णता पिंपातच अडकून राहिली, तर ढोबळ हिशेबाने तो द्रव १० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता बाहेर निघून जाते, तरीही आंबण्याचा जोर असताना पिंपाच्या आत खोलीपेक्षा ३ ते ५ अंश अधिक तापमान असू शकते. म्हणूनच तापमापक भिंतीवर नव्हे, तर पिंपाला चिकटवलेला हवा. अति उष्णतेत यीस्ट झपाट्याने वाढते आणि घशाला जाळणारी फ्यूजेल अल्कोहोले, तसेच केळ्याच्या वासाचे आयसोअमाइल ॲसिटेट यांसारखी एस्टरे (फळांसारखा वास देणारी संयुगे) प्रमाणाबाहेर तयार करते. हे नुकसान मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते. नंतर कितीही थंड केले तरी ते भरून निघत नाही.

यावरचा स्वस्त उपाय आपल्या माठाच्या कुळातला आहे. पिंप पाण्याच्या उथळ टबात ठेवायचे, त्याला जुना सुती सदरा असा घालायचा की त्याची खालची कड पाण्यात बुडलेली राहील, आणि समोर पंखा लावायचा. प्लॅस्टिक मातीसारखे पाझरत नाही, म्हणून पाझरण्याचे काम कापडाकडे. पाण्याचा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा एवढा मोठा आहे की, केवळ ३५ ग्रॅम पाणी उडून जाताना २० लिटर बिअरमधून एक अंश तापमान कमी होण्याइतकी उष्णता शोषली जाऊ शकते.

मर्यादा आहे ती हवेतील दमटपणाची. ३५ अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओले कापड फार तर १९ अंशांपर्यंत उतरू शकते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांच्या खाली मुळीच नाही. त्यामुळे कोरड्या ॲडलेडमध्ये चालणारी युक्ती दमट ब्रिस्बेनमध्ये लंगडी पडते, जसा नागपुरात गारवा देणारा कूलर मुंबईत नुसता ओलावा वाढवतो. अशा ठिकाणी टबात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या सोडाव्या लागतात. एक लिटरची बाटली वितळून पिंपाच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ४५० किलोज्यूल उष्णता ओढून घेते. मात्र ती टबातील पाणी आणि भोवतालची हवा यांच्याकडूनही येत असल्याने बिअरच्या वाट्याला दोन-तीन अंशांचाच उतार येतो, आणि सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदलण्याचा नेम चुकवता येत नाही.

जर्मनीतील बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यावरच बंदी घातली गेली होती, आणि शीतयंत्रे नव्हती हे पाहता ती शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. नॉर्वेतील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेले ‘क्वाइक’ यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. ते वापरणाऱ्याला सदरा भिजवावा लागत नाही.