भोपळ्याचे बाळ आणि त्याची टाळू

शाळकरी मुलांना रोगप्रतिबंध शिकवण्यासाठी गोष्टीचा पद्धतशीर वापर अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसू लागतो. तेथील क्षयरोगविरोधी चळवळीने मुलांना जुन्या काळच्या शूरवीरांच्या कथेत उतरवले. हात धुणे, दात घासणे अशी कामे रोज वहीत नोंदवणाऱ्या मुलाला पायरीपायरीने सरदारकीची पदवी मिळत असे. १९१८ साली स्थापन झालेल्या चाइल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनने आपल्या आद्याक्षरांवरून नाव दिलेला चो-चो हा विदूषक शाळाशाळांतून फिरवला. मुले रमली असतील यात शंका नाही. पण या कथांतला प्रत्येक वीर स्वतःच्याच दातांपुरता लढत होता, घरातल्या आजारी भावंडाला त्यात जागा नव्हती.

ती जागा मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. नायजेरियात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. डेव्हिड मोर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी लंडनमध्ये ‘चाइल्ड-टू-चाइल्ड’ उपक्रमाची आखणी केली, ती पुढच्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने. गरीब देशांत धाकट्याला दिवसभर कडेवर वागवणारी ताई किंवा दादा हाच त्याचा पहिला आरोग्यसेवक असतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते.

या उपक्रमातील काही प्रयोग मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातील अहोया या डोंगराळ गावी झाले. तेथे डेव्हिड वर्नर यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकापासून ग्रामीण आरोग्यकार्य चालू होते. अतिसारात बाळ का दगावते, हे तेथे भोपळ्याने सांगितले. (आपला टुणूक टुणूक भोपळा म्हातारीला वाचवतो, इथे भोपळ्यालाच वाचवायचे होते.) भोपळ्यावर चेहरा रंगवायचा, डोळ्यांना बारीक छिद्रे पाडायची, खाली बूच बसवायचे, वरचा भाग कापून त्यावर पातळ ओले फडके पसरायचे आणि आत काठोकाठ पाणी भरायचे. बूच काढले की बाळाला जुलाब सुरू होतात. पाणी उतरते तसे डोळ्यांतून गळणारे अश्रू थांबतात आणि वरचे फडके आत खचते. टाळू खचणे म्हणजे काय, हे मुलांना डोळ्यांनी दिसते आणि पाणी पुन्हा ओतले की ती वर येते हेही. जेवढे गेले तेवढे परत द्यायचे, हा जलसंजीवनीचा नियम मग कुणी फळ्यावर लिहून देण्याची गरज राहत नाही.

दक्षिण आशियात हा धागा १९९० च्या दशकात ‘मीना’ने पुढे नेला. युनिसेफच्या या चित्रमालिकेचा आरंभ बांगलादेशातून झाला आणि तिच्या घडणीत मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता; महाराष्ट्रातील शाळांमधील ‘मीना राजू मंच’ ही नावे तिथूनच घेतो. तिच्या आंब्याच्या गोष्टीत मुलीच्या पोषणावर कोणी भाषण देत नाही. मीना आणि तिचा भाऊ राजू एका दिवसापुरती आपापली कामे आणि ताटातला वाटा बदलून घेतात, आणि जेवणाच्या वेळी राजूच्या ताटात मीनाचा वाटा पडतो.