ग्रॅनडाला जायचंय? मुक्कामाचे दिवस आणि अल्हाम्ब्राच्या तिकिटावरचा पासपोर्ट नंबर आधी नीट बघा

गेली काही वर्षं ओळखीतल्या लोकांचे स्पेनच्या व्हिसाचे अर्ज मी तपासून देते. जे अर्ज फेटाळले गेले, त्यातले बरेचसे पैसे कमी पडले म्हणून नव्हे, तर तारीख चुकीची वाचली म्हणून किंवा नातं सिद्ध करणारा कागद नव्हता म्हणून. आणि व्हिसा हातात पडूनही काही जण दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरातल्या अल्हाम्ब्राच्या, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध जुन्या राजवाडे-किल्ल्याच्या दारातून परत फिरले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी 'पंधरा दिवस'. शेंगेन व्हिसाचा (स्पेन, फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. लोक यातला शेवटचा आकडा तेवढा लक्षात ठेवतात. अर्जावर निर्णय द्यायलाही पंधरा दिवसांचीच मुदत आहे, आणि शंका आली तर ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढवता येते. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळायलाच कितीतरी दिवस जातात. मेमध्ये निघायचं असेल तर फेब्रुवारीत कागद तयार हवेत. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाकडे जातात. ते गोळा करण्याचं काम बीएलएस या खासगी कंपनीच्या केंद्राकडे आहे.

दुसरी चूक देशाची. पॅरिसला पाच रात्री आणि स्पेनमध्ये तीन, असं असेल तर अर्ज फ्रान्सकडे करायचा. जिथे सर्वांत जास्त दिवस, तो देश. दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार, तो देश. स्पेनची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकू नका. हॉटेलची बुकिंग्ज समोर ठेवून मोजलं की ते लगेच कळतं.

आता सगळ्यांत फसवी जागा. व्हिसाच्या स्टिकरवर दोन गोष्टी असतात: वैधता कधीपासून कधीपर्यंत, आणि मुक्कामाचे दिवस किती. वैधता सहसा पंधरा दिवस जास्त दिलेली असते, ती प्रवास थोडा पुढेमागे झाला तर अडचण नको म्हणून. मुक्काम मात्र दिलेल्या दिवसांइतकाच, आणि उतरलेला दिवस व निघालेला दिवस दोन्ही त्यात मोजतात. फॉर्म भरताना रात्री मोजून नऊ लिहिलं आणि प्रत्यक्षात दिवस दहा झाले, असं घडतं. पूर्वी पासपोर्टवर शिक्का मारत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. एक दिवस जास्त राहिलात तर तो आपोआप दिसतो. म्हणून फॉर्मवर बोटांवर दिवस मोजूनच आकडा लिहा.

प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा हवा. तो विमान मुंबईत उतरण्याच्या तारखेपर्यंत घ्या, म्हणजे वाद उरत नाही.

कागदांमध्ये अनेकांकडे नसतो तो विवाह नोंदणीचा दाखला. तीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या जोडप्यांनी नोंदणी केलेलीच नसते. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, खर्च पतीच्या खात्यातून; मग हे दोघे नवरा-बायको आहेत हे खिडकीपलीकडच्या माणसाला कशावरून कळावं? लग्नाचा अल्बम तिथे चालत नाही. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जुन्या लग्नाचीही नोंदणी होते. साक्षीदार, लग्नपत्रिका आणि फोटो लागतात. हे काम सगळ्यात आधी उरका. आपण मागे पडतो ते इथेच.

शेतकरी कुटुंबांची अडचण वेगळी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि यादीत मात्र ते हमखास मागितलेलं असतं. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीच्या पावत्या आणि सोबत एक साधं पत्र जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी किंवा स्पॅनिश भाषांतर लागतं. सातबारा तसाच दिला तर तो कोणी वाचणार नाही. जमीनदाराला 'उत्पन्नाचा पुरावा नाही' असं लिहून पत्र आलेलं पाहिलं की राग येतो, पण रागाने व्हिसा मिळत नाही.

पैशांचा हिशेब स्पेनने ठरवून दिलेला आहे: तिथल्या महिन्याच्या किमान वेतनाच्या दहा टक्के, माणशी दिवसाला. २०२५ मध्ये ते ११८.४० युरो होतं. चारच दिवस जाणार असलात तरी माणशी किमान नऊ दिवसांची रक्कम, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने १,०६५.६० युरो, दाखवावी लागते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून लाखभर रुपये खात्यात घेऊ नका. अचानक आलेली मोठी रक्कम संशय वाढवते.

बाकीचं नेहमीचं: परतीनंतर किमान तीन महिने वैध असलेला आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, नोकरदारांना रजेचं पत्र. फी प्रौढांना ९० युरो, सहा वर्षांपासून बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, वर केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी फी परत मिळत नाही. त्या पत्रात कारणापुढे खूण असते. त्याच वाणिज्य दूतावासाकडे एका महिन्यात फेरविचाराचा अर्ज करता येतो. पण कागदच अपुरा असेल तर तो मिळवून नवा अर्ज करणं जास्त उपयोगी पडतं.

आणि अल्हाम्ब्रा. तिकीट पॅट्रोनाटोच्या, म्हणजे अल्हाम्ब्राचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. हंगामात ते कित्येक आठवडे आधी संपतं, म्हणून 'तिथे गेल्यावर बघू' म्हणू नका. तिकीट व्यक्तीच्या नावाने, पासपोर्ट नंबरसह निघतं. पासपोर्टचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करा, कारण नंबर बदलतो. बारा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत, पण तिकीट त्यांचंही काढावं लागतं. बागा, हेनेरालिफे (सुलतानांचा उन्हाळी महाल) आणि अल्काझाबा (जुना किल्ला) एवढंच असलेलं स्वस्त तिकीटही मिळतं. त्यात नस्रिद सुलतानांचे राजवाडे नाहीत, आणि लोक येतात ते राजवाडे बघायला. राजवाड्यांची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती पाळावीच लागते. मुख्य प्रवेशद्वारापासून तिथवर चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, सोबत आजी-आजोबा असतील तर अर्धा तास धरा. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. दारात तोच मागतात, झेरॉक्स नाही.