न्हावा शेव्याचे टॅग आणि उरणची यार्डं : थोडी पार्श्वभूमी

डेटावर चालणारी सप्लाय चेन, स्मार्ट लॉजिस्टिक्स हे शब्द आता कोकणातल्या लोट्याच्या आणि महाडच्या कारखान्यांतही ऐकू येतात, जणू कालच सगळं सुरू झालंय. खरं तर कंटेनरवरचा नंबर हाच पहिला डेटा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा एक आकडा, जो आधीचं काही चुकीचं टाइप झालं तर पकडून देतो. उरणजवळचं न्हावा शेवा बंदर १९८९ ला चालू झालं. त्याआधी १९८४ ला उरण-पनवेल पट्ट्यात सरकारने घेतलेल्या जमिनींवरून आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण गेले, ते इथल्यांना नव्याने सांगायला नको. पण ते डोक्यात असू द्या, कारण पुढची भांडणं त्याच जमिनीवरची आहेत.

मधली वीस-पंचवीस वर्षं कागद हळूहळू कॉम्प्युटरवर गेले एवढंच. खरी हालचाल २०१६ पासून. जुलै २०१६ ला न्हावा शेव्यात कंटेनरला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणारी चिप, लावायला सुरुवात झाली, वाटेत टोलनाक्यावर, यार्डात ती वाचणारे रीडर, म्हणजे पेटी (कंटेनर) कुठे पोचली ते कारखान्यात बसून मोबाइलवर दिसायला लागलं. पण कुठे अडकलीय ते दिसलं म्हणून सुटत नाही ना!

ती सोडवायचा निर्णय म्हणजे डीपीडी, डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी. यावर मात्र सविस्तर बोलायलाच हवं. पूर्वी जहाजातून उतरलेली पेटी आधी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या यार्डात जायची, तिथे कस्टम्सचं काम व्हायचं, आणि तोवर हँडलिंग, ग्राउंड रेंट म्हणजे जागेचं भाडं, पुन्हा वाहतूक असं बिल चढत जायचं. डीपीडीत ज्या पार्टीचं रेकॉर्ड स्वच्छ तिने जहाज लागायच्या आधीच कागद भरायचे आणि ४८ तासांत माल बंदरातूनच थेट कारखान्यात न्यायचा. कुणाची पेटी तपासायची आणि कुणाची सोडायची हे कॉम्प्युटर जुन्या रेकॉर्डवरून ठरवणार, म्हणजे डेटाचा खरा वापर झाला तो इथे, टॅगमध्ये नाही. सुरुवातीला शंभरातल्या जेमतेम तीन पेट्या अशा जायच्या, दोन-तीन वर्षांत ते प्रमाण चाळिशीच्या घरात गेलं.

मोठ्या कारखान्यांची चांदी झाली. छोट्यांचं काय? जो अख्खा कंटेनर मागवत नाही, दुसऱ्यांबरोबर वाटून माल आणतो, त्याची पेटी यार्डात उघडावीच लागते, त्याला डीपीडीचा उपयोग शून्य. आणि यार्डातलं काम कमी झालं तसा उरणमधून विरोध सुरू झाला, कारण जमिनी गेलेल्या घरांतली पोरं तिथेच सुपरवायझर, फोर्कलिफ्टवाले, क्लार्क म्हणून लागलेली. खर्च वाचला असं सगळे सांगतात, पण तो वाचलेला खर्च म्हणजे कुणाचा तरी पगार होता हे कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये येत नाही. निर्णय चुकीचा होता असं नाही म्हणत मी, पण त्या पोरांसाठी काही ठरवून मग तो घ्यायला हवा होता.

२०१७ तर नुसती धावपळ. २७ जूनला कॉम्प्युटर व्हायरसचा जगभर हल्ला झाला आणि न्हावा शेव्यातलं एक टर्मिनल ठप्प, ट्रेलरच्या रांगा, कामं हाताने. चार दिवसांत १ जुलैला जीएसटी. मग निर्यातीच्या पेटीला इलेक्ट्रॉनिक सील, आधी तारीख १ ऑक्टोबर, मग पुढे ढकलून नोव्हेंबर. पूर्वी कारखान्यात एक्साइजचा माणूस येऊन सील मारायचा, त्याच्या वेळा सांभाळायला लागायच्या, ते संपलं.

पुढे २०१८ ला ई-वे बिल, म्हणजे माल वाहताना लागणारा ऑनलाइन कागद, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅगची सक्ती, २०२२ ला सरकारी खात्यांचा डेटा एकत्र आणणारा प्लॅटफॉर्म. लोट्याचा कारखानदार आता न्हावा शेव्यापासून ट्रेलरवर नजर ठेवू शकतो, पण मुंबई-गोवा हायवेचं रखडलेलं काम आहेच, आणि गणपतीत जड वाहनं बंद म्हणून कच्चा माल आधीच भरून ठेवायचा हे त्याला कुठल्या सॉफ्टवेअरने शिकवलेलं नाही.

आता सगळ्यांच्या नजरा डहाणूजवळच्या वाढवणकडे. ७६ हजार कोटींच्या वर खर्चाचं बंदर, जून २०२४ ला मंजुरी, ३० ऑगस्टला पायाभरणी. मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा, आणि स्थानिकांना रोजगार हे आश्वासन तिथेही दिलं गेलंय.